आठ महिने झाले स्वतःचं ऑफिस काढून, एक मुदत जाता जाता वाचली. तुम्ही सगळे कसं सांभाळता?

म्हापशाची_वकील

नमस्कार. मी म्हापसा कोर्टात प्रॅक्टिस करते. सहा वर्षं एका सीनिअरकडे होते, आता आठ महिने झाले स्वतःचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक खोली, एक कपाट आणि आठवड्यातून तीन दिवस टायपिंगला येणारी मुलगी. सिव्हिल, १३८ म्हणजे चेक बाउन्सच्या केसेस, थोडी टायटलची म्हणजे जमिनीची मालकी तपासायची कामं, दोन इन्व्हेंटरी म्हणजे वारसांत मालमत्तेच्या वाटणीच्या केसेस.

मागच्या महिन्यात जे झालं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहिते. एका पक्षकाराचा चेक बाउन्स झालेला, बँकेने मेमो, म्हणजे चेक वटला नाही याची चिठ्ठी, मंगळवारी दिला आणि तो शुक्रवारी बाजाराला म्हणून म्हापशाला आला तेव्हा मला कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटला. हातात सुक्या बांगड्यांची पिशवी, त्याच पिशवीतून मेमो काढून दिला, ताई नोटीस काढा म्हणाला आणि गेला. माझा क्रॉस, म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी, लागलेला, पुकारा होणार होता, मी मेमो हातातल्या फाइलीत सरकवला आणि आत पळाले. फाइल भलत्याच केसची. संध्याकाळी आठवलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. त्याने फोन केला नाही कारण त्याला वाटलं ताईंनी नोटीस काढली असणार, आणि मी काही केलं नाही कारण माझ्या डायरीत त्याचं नावच नव्हतं.

त्या भलत्या केसची पुढची तारीख बुधवारी होती. सकाळी फाइल उघडली तर मेमो टेबलावर पडला, मासळीचा वास अजून होता त्याला. मोजले तर नोटिशीच्या ३० दिवसांतला २९वा दिवस. दुपारी नोटीस टाइप केली, पोस्टात खिडकी बंद व्हायच्या आधी पोचले, स्पीडपोस्टची पावती हातात आली तेव्हा बोटं थरथरत होती. पक्षकाराला मी नंतर खरं सांगितलं. तो काही बोलला नाही पण तेव्हापासून दर दोन दिवसांनी फोन करतो, आणि ते बरोबरच आहे त्याचं.

कायदा मला येत होता, ३० दिवस पाठ आहेत, तरी हे झालं. म्हणून विचारते की तारखा तुम्ही नक्की कशा लिहिता, तोंडी आलेल्या कामाचं काय करता, आणि वकिलावर कन्झ्युमर कमिशनमध्ये तक्रार चालणार नाही या २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर वकिलाला इन्शुरन्सची गरज उरली आहे का? काहीजण म्हणतात आता आपल्यावर केस होतच नाही.

वास्कोचा_ज्युनिअर

ताई, डायरी सोडा, ईकोर्ट्सचं ॲप घ्या. सगळ्या केसेसचे सीएनआर, म्हणजे कोर्टाने दिलेले केस नंबर, एकदा भरून ठेवले की पुढची तारीख, स्टेज, ऑर्डर सगळं दिसतं, मी आता कागदावर काही लिहीतच नाही. रोज रात्री दहा मिनिटं बघतो, उद्याचं बोर्ड, म्हणजे कोर्टात लागणाऱ्या केसेसची यादी, काढतो, झालं. आठ महिन्यांत एकही तारीख चुकलेली नाही.

डिचोलीचा_जुना

बाय, आधी हे सांगतो की असा मेमो प्रत्येकाच्या आयुष्यात एकदा पडतो, तुझा २९व्या दिवशी पडला हे नशीब. आणि पक्षकाराला खरं सांगितलंस ते फार चांगलं केलंस.

वास्कोच्या भावाने सांगितलं ते चूक नाही, ॲप मीही वापरतो, पण म्हापशाच्या ताईचं जे झालं ते ॲपने थांबलं नसतं. सीएनआर कधी मिळतो? केस दाखल झाल्यावर. सोळा अक्षरी नंबर पडला की कोर्ट तुमची आठवण ठेवतं, तारखेला तुम्ही गेला नाहीत तरी बोर्डावर केस असते, समोरचा वकील असतो, कोणीतरी फोन करतो की अरे कुठे आहेस. पण जी केस अजून दाखलच झालेली नाही, जी नोटीस अजून निघालेली नाही, जे अपील करायचं की नाही हे पक्षकार घरी विचारून सांगणार आहे, त्याची आठवण या जगात फक्त तुला आहे. अठ्ठावीस वर्षांत ज्या ज्या वकिलांना मी अडकलेलं पाहिलं, माझ्यासकट, ते सगळे या दाखल न झालेल्या कामात अडकले. म्हणून माझ्याकडे दोन डायऱ्या आहेत, कोर्टाच्या तारखांची वेगळी आणि मुदतीची वेगळी. मुदतीची म्हणजे साधी लांब वही, टेबलाच्या खणात नाही तर टेबलावर, उघडी.

मुदतीच्या वहीत मी कायद्याची शेवटची तारीख लाल शाईने लिहितो आणि तिच्या दहा दिवस आधीची तारीख निळ्याने, आणि काम करायचं ते निळ्या तारखेला. पक्षकार, टायपिस्ट, माझा मुलगा, कोणालाही मी निळीच तारीख सांगतो. आणि तारीख कधीपासून मोजली तेही शेजारी लिहितो, कारण तिथेच चूक होते. १३८ मध्ये बँकेची खबर पक्षकाराला कोणत्या दिवशी मिळाली तिथून नोटिशीचे ३० दिवस, तो पहिला दिवस सोडून. नोटीस समोरच्याला मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस, ते संपले की तक्रारीला एक महिना, आणि तो कॅलेंडरचा महिना असतो, ३० दिवस नव्हे. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीच्या ३० दिवसांना ती सोय नाही. हां, चेकचे तीन महिने संपले नसतील तर तो परत बँकेत लावून नव्याने मेमो घेता येतो, दुसऱ्यांदा न वटल्यावरही खटला चालतो हे २०१२ पासून पक्कं आहे. पण त्या भरवशावर राहू नये, कारण पुष्कळ पक्षकार चेक घेऊन येतात तेच अडीच महिन्यांनी.

दुसरा सापळा लवादाचा. लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली लवादाचा निवाडा रद्द करायचा अर्ज द्यायला तीन महिने आणि वर जास्तीत जास्त ३० दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही, उशीर माफ करणारं लिमिटेशन ॲक्टचं कलम ५ तिथे चालत नाही. आणि ते वरचे ३० दिवस मे महिन्याच्या सुट्टीत संपले तर कोर्ट उघडल्यावर दाखल करू असं म्हणून चालत नाही, सुट्टीनंतर दाखल करू देणाऱ्या कलम ४ चा फायदा मूळ तीन महिन्यांनाच आहे. इथे चांगले चांगले वकील फसलेत. डब्ल्यूएस म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, त्याचंही तसंच, साध्या दाव्यात ३० चे ९० दिवस आणि त्यानंतरही कोर्ट क्वचित ऐकून घेतं, पण कमर्शियल दाव्यात १२० दिवस झाले की दार बंद, आणि कन्झ्युमर कमिशनसमोर ३० अधिक १५. तिन्ही फाइली एकाच कपाटात, एकाच रंगाच्या, म्हणून मी कमर्शियल आणि कन्झ्युमरच्या फाइलींना लाल दोरी बांधतो.

तोंडी कामाचं म्हणशील तर माझा एकच नियम आहे, पायऱ्यांवर कागद घ्यायचा नाही. अगदी घ्यावाच लागला तर तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढून स्वतःलाच मेसेज करायचा, नाव, कागद कसला, कधी मिळाला. संध्याकाळी ऑफिसला आल्यावर जेवायच्या आधी ते मेसेज वहीत उतरवायचे. पक्षकारालाही त्याच रात्री एक ओळ पाठवायची की तुमचा अमुक कागद मिळाला, अमुक तारखेपर्यंत नोटीस जाईल. मग तो स्वतःच तुझी दुसरी डायरी होतो. बाजाराच्या दिवशी तर म्हापशाला हे फारच गरजेचं, शुक्रवारी अर्धा तालुका कोर्टाच्या आवारात असतो.

साष्टीची_वकील

मी मडगावला आहे, टायटल आणि इन्व्हेंटरी जास्त करते, त्याबद्दल लिहिते कारण ताईने दोन इन्व्हेंटरी म्हटलंय आणि माझ्या मते खरी आग तिथे आहे. १३८ मध्ये पक्षकाराचे पाच लाख जातात, टायटलमध्ये चूक झाली तर त्याचं घर जातं आणि ते वीस वर्षांनी कळतं.

माझ्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. सेल डीडचा ड्राफ्ट माझा होता, विकणाऱ्याचं नाव फॉर्म १ व १४ वर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, एकट्याचं, तो म्हणाला बायको परदेशात आहे आणि तिचा या जमिनीशी संबंध नाही, वडिलोपार्जित आहे. मी लिहून टाकलं. नशिबाने सही व्हायच्या आदल्या दिवशी माझ्या मॅडमनी वाचलं. आपल्याकडे गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोच्या मालमत्तेची सामायिकी असते, अर्धा हिस्सा तिचा, तिची सही नाही तर विक्रीला अर्थ नाही. पुण्यामुंबईहून घर घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे माहीतच नसतं आणि ते आपल्यावर डोळे झाकून विसंबतात. तेव्हापासून मी प्रत्येक विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारते तो लग्नाचा, कधी झालं, कुठे झालं, नोंद कुठे आहे, आणि दाखला बघितल्याशिवाय पुढचं पान लिहीत नाही.

टायटलचं ओपिनियन, म्हणजे मालकीबद्दलचं लेखी मत, लिहिताना काय बघितलं ते लिहायचंच, पण काय बघितलं नाही तेही लिहायचं. मूळ कागद की झेरॉक्स, जुन्या नोंदींचा सर्च कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, पोर्तुगीज कागदाचं भाषांतर कोणी केलं, जागेवर मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आहे का कूळ आहे का हे मी स्वतः पाहिलं की विकणाऱ्याने सांगितलं. फॉर्म १ व १४ वरचं नाव म्हणजे मालकी नव्हे हे माहीत सगळ्यांना असतं, पण घाईत ओपिनियन त्याच्यावरच उभं राहतं. २०२२ साली जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी सरकारला एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली, नंतर निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग बसला, आणि ती प्रकरणं कसली होती, तर खोटे जुने पोर्तुगीज दस्त तयार करून मालक मेलेल्या नाहीतर परदेशी असलेल्या जमिनी विकल्या. असा दस्त तुमच्यासमोर आला तर त्याच्या फोटोकॉपीवर विसंबू नका, नोंदणीच्या मूळ पुस्तकाशी ताडून बघा आणि कधी बघितलं ती तारीख ओपिनियनमध्ये घाला. सीबीआय विरुद्ध के. नारायण राव, २०१२, हा निकाल प्रत्येकाने वाचावा. कोर्टाने म्हटलंय की ओपिनियन चुकलं म्हणून वकील कटात सामील होत नाही, सामील असल्याचा पुरावा लागतो. पण तो दिलासा फौजदारीपुरता. निष्काळजीपणाचा ठपका उरतोच, आणि तेव्हा तुमच्या फाइलीतला एक कागद की मी हे विचारलं होतं आणि त्याने असं उत्तर दिलं होतं, तो तुम्हाला तारतो.

आणि इन्व्हेंटरीत सगळ्या भावंडांची वकिली एकट्याने घेऊ नका. सुरुवातीला सगळे एका गाडीतून येतात, घरून नारळ, मानकुराद घेऊन येतात, मॅडम आम्ही सगळे एक आहोत म्हणतात. मग मालमत्तेच्या लिलावाच्या बोलीला बसले की त्यातले दोघे रस्त्यात एकमेकांशी बोलत नाहीत आणि दोघांची गुपितं तुमच्या पोटात. बार कौन्सिलचा नियम ३३ स्पष्ट आहे, एका पक्षाला सल्ला दिला, कागद तयार केले, तर त्याच प्रकरणात समोरच्याकडून उभं राहता येत नाही. म्हणजे भांडण झालं की सगळ्यांना सोडावं लागतं. मी पहिल्याच दिवशी एकाचाच वकालतनामा (वकील नेमल्याचं पत्र) घेते आणि बाकीच्यांना लेखी देते की मी तुमची वकील नाही.

कॉन्फ्लिक्ट, म्हणजे समोरचा आपलाच जुना पक्षकार तर नाही ना हे, नावावरून बघू नका हेही सांगते. एका गावात नाईक पन्नास, गावकर शंभर. मी सर्व्हे नंबर आणि गाव लिहिलेली वही ठेवते, नवीन माणूस आला की आधी सर्व्हे नंबर विचारते. दोनदा असं झालं की माणूस पूर्ण अनोळखी, पण जमीन तीच होती ज्यावर मी चार वर्षांपूर्वी त्याच्या काकाला सल्ला दिलेला.

पाटो_कारकून

मी वकील नाही, पणजीत एका ऑफिसात बावीस वर्षं कारकून आहे. चालत असेल तर लिहितो.

आमच्याकडे फाइल कपाटात परत जायची तर कव्हरवर पुढची तारीख आणि पुढचं काम लिहिलेलं पाहिजे, नसेल तर ती फाइल साहेबांच्या खुर्चीवर ठेवतो, टेबलावर नाही, खुर्चीवर. बसायचं तर उचलावी लागते. हा उपाय मीच काढला आणि पंधरा वर्षं चालू आहे.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळी कपाटं उघडून प्रत्येक फाइल हातात घेतो. खूप वेळ जातो, पण दर वेळी दोन तरी फाइली अशा निघतात ज्यांना तारीखच नाही. कुठे समन्स बजावलं गेलेलं नसतं आणि कोणी विचारलेलं नसतं, कुठे सर्टिफाइड कॉपीचा अर्ज करून ती आणायचीच राहिलेली असते. निकाल लागला की त्याच दिवशी कॉपीचा अर्ज टाकायचा, कॉपी मिळायला लागणारा वेळ मुदतीतून वजा होतो पण अर्ज करायलाच उशीर केला तर तो दिवस वजा होत नाही.

मूळ दस्त आम्ही ठेवून घेत नाही. पावसात आमच्याकडे कपाटात हात घातला तर कागद ओला लागतो, एका जुलैत एका पक्षकाराच्या आजोबांच्या वेळच्या कागदाला वाळवी लागलेली मी बघितली, त्याच्या मुलाला ते पान दाखवताना साहेबांचा चेहरा मी विसरत नाही. स्कॅन करतो, त्याच्यासमोर मूळ परत देतो, सही घेतो. केस संपली की पूर्ण फाइलही परत. फी राहिली म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितलंय, तरी लोक अडवतात आणि मग बार कौन्सिलला तक्रार जाते.

पैशाचं एक. कोर्ट फी, स्टँप, कमिशनरची फी यासाठी पक्षकार रोख देतो त्याची पावती त्याच क्षणी फाडायची आणि फीच्या पैशात मिसळायची नाही. तडजोडीचा चेक पक्षकाराच्याच नावाने.

डिचोलीचा_जुना

कारकूनदादा, खुर्चीची गोष्ट उद्यापासून माझ्याकडे सुरू.

इन्शुरन्सचं राहिलं म्हणून परत आलो. १४ मे २०२४ चा निकाल बऱ्याच जणांनी फक्त बातमीत वाचलाय. बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी. कोर्टाने म्हटलं की वकिलाची सेवा ही व्यक्तिगत सेवेच्या कराराखाली येते, वकील पक्षकाराच्या सांगण्याबाहेर जाऊ शकत नाही, म्हणून सेवेतली त्रुटी म्हणून कन्झ्युमर कमिशनकडे त्याच्यावर तक्रार चालणार नाही. राष्ट्रीय आयोगाने २००७ साली उलटं म्हटलं होतं ते रद्द झालं. एवढंच. दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा होतोच, १९२६ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स फीज ॲक्टचं कलम ५ सांगतं की वकील आहे म्हणून निष्काळजीपणाच्या दाव्यातून सुटका नाही. आणि ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली आपल्या महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार होतेच, त्यात सनद जाऊ शकते. त्यामुळे केस होतच नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

प्रोफेशनल इन्डेम्निटीची, म्हणजे व्यावसायिक चुकीच्या भरपाईची, पॉलिसी मी घेतली आहे. ती घेताना एक गोष्ट नीट समजून घे, चूक कधी झाली यापेक्षा क्लेम कधी आला त्यावर ती चालते. चूक आज, दावा आठ वर्षांनी, तर आठ वर्षांनी पॉलिसी चालू पाहिजे, आणि पॉलिसीत जी मागची तारीख लिहिलेली असते तिच्या नंतरची चूक पाहिजे. म्हणून एकदा घेतली की खंड पाडायचा नाही, कंपनी बदललीस तरी ती मागची तारीख तीच ठेवून घ्यायची. साष्टीच्या ताईसारखं टायटलचं काम असेल तर हे फारच महत्त्वाचं. पक्षकाराची नोटीस आली की आधी कंपनीला कळवायचं, परस्पर चूक कबूल करून पैसे द्यायचं ठरवलं तर कंपनी हात वर करते. मुद्दाम केलेलं कृत्य, फसवणूक, दंड यांना कव्हर नसतं.

आणि एक, जे कोणी बोलत नाही. एकट्याचं ऑफिस असेल तर तू आजारी पडलीस की काय? मी २०१९ ला बांबोळीच्या हॉस्पिटलात सतरा दिवस ॲडमिट होतो. माझ्या बायकोला माझ्या डायरीतलं अक्षर लागेना. एका मित्राने येऊन सगळ्या फाइली हातात घेतल्या, कोर्टात उभा राहिला, तारखा घेतल्या. तेव्हापासून आम्ही दोघं पक्षकाराला विचारून वकालतनाम्यावर दोघांची नावं टाकतो, आणि माझ्या मुदतीच्या वहीचा फोटो दर शनिवारी त्याला जातो, त्याचा मला येतो.

वास्कोचा_ज्युनिअर

सर, तुमचं वाचून काल रात्री बसलो आणि दाखल न झालेली कामं लिहून काढली. अकरा निघाली. त्यातलं एक मी साफ विसरलो होतो, पक्षकाराच्या गैरहजेरीत झालेली एक्स पार्टे डिक्री रद्द करायचा अर्ज, ३० दिवसांतले नऊ उरलेत. आज सकाळी वकालतनामा घेतला. ॲप मी सोडणार नाही पण वही घेतली आहे.

म्हापशाची_वकील

सगळ्यांचे खूप आभार, मनापासून. दोन वह्या घेतल्या, मुदतीची आणि सर्व्हे नंबरची. इन्व्हेंटरीतल्या एका फाइलीत माझ्याकडे तीन भावांचे वकालतनामे होते, परवा तिघांना बोलावलं, साष्टीच्या ताईंनी लिहिलंय ते जसंच्या तसं समजावलं. मोठा थोडा रागावला, धाकटा म्हणाला मॅडम बरं केलंत. दोघांसाठी दुसरे वकील बघून होईपर्यंत मी कोणाच्याच वतीने बोली लावणार नाही असं लेखी दिलं, आणि ते मिळेपर्यंत तारीख मागून घेतली.

एकच विचारायचं राहिलं डिचोलीच्या सरांना. निळी तारीख दहा दिवस आधीची म्हणता, पण पक्षकार मेमो घेऊन पंचविसाव्या दिवशी आला तर?

डिचोलीचा_जुना

तर निळी तारीख म्हणजे आजची, बाय. त्याला बाकावर बसव, चहा दे, आणि त्याच्यासमोर नोटीस टाइप करून पोस्टाची पावती आली की मगच त्याला बसस्टँडवर जाऊ दे. आणि वेळच नसेल तर त्याच क्षणी सांग की मी हे घेत नाही, अमुक तारखेच्या आत दुसऱ्याकडे जा, आणि ते मेसेज करून पाठव, तोंडी नको.